तुळईवरचे दोन संसार

बाळंतपणानंतर चाळीस दिवस आमच्या बायसून गावात सून अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. माझा सव्विसावा दिवस होता. बाळ झोपलं की पडवीत बसायचं आणि तुळईकडे बघायचं, एवढीच माझी करमणूक.

तुळईच्या डाव्या टोकाला भिंगरी पाखराचं घरटं. भिंगरीचा आमच्याकडे जावयासारखा थाट. नव्या रजईवर शिटली तरी तिला कुणी ब्र काढायचा नाही. उजव्या टोकाच्या फटीत वटवाघळं. त्यांच्या वाट्याला मात्र फक्त शिव्या.

"भिंगरी गाते, बरकत आणते," सासूबाई म्हणायच्या. "हे काळतोंडं काय आणतं? माझ्या नातवावर त्याची सावली नको."

त्या दिवशी त्यांनी भुसा घालून चिखल मळला, शिडीवर चढल्या आणि फट लिंपून टाकली. वेळही कशी निवडली, तर भरदुपारची. भिंगऱ्या दाणापाण्याला गेलेल्या, त्यांना धक्का लागायला नको म्हणून!

"ओयी," मी म्हणाले; आमच्याकडे आईला आणि सासूला अशीच हाक मारतात. "वटवाघळं दिवसा आतच असतात."

"मला शिकवतेस? भुर्र उडाली असतील कधीच."

सगळी दुपार आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. "उंदीर असतील," सासूबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. त्यांच्या शब्दाबाहेर मी आजवर गेले नव्हते. ऊन उतरलं, आवाज मंदावला, आणि मला राहवेना. मी लाकडी डाव घेऊन शिडीवर चढले.

"उतर खाली! टाके ओले आहेत तुझे!"

ओला चिखल ढासळला आणि एक वटवाघूळ थेट सासूबाईंच्या ओढणीत पडलं. त्या किंचाळल्या, मग वाकून बघतच राहिल्या. त्याच्या छातीला नखाएवढं पिल्लू चिकटलं होतं, आणि पिल्लाच्या ओठांवर पांढरा थेंब.

"अगं बाई, हे अंगावर पाजतं?"

"हो. भिंगरी नाही पाजत, ओयी."

सासूबाईंनी ओढणी माझ्या हातात दिली, मला खाली बसवलं आणि स्वतः वर चढून बोटांनी सगळा चिखल उकरला. सात वटवाघळं बाहेर पडली, भेलकांडत बदामाच्या झाडांवरून गेली. माझ्या हातातल्या ओढणीतलं वटवाघूळही पिल्लासकट उडालं.

सासूबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन पिल्लं होती, निपचित. मला रडू फुटलं. त्या खालच्या पायरीवर बसल्या.

"यांच्या आया आत्ता परत येतील," त्या म्हणाल्या. "काय सांगू गं मी त्यांना?"