दोष रोहिणीच्या पायाचा

गाडी सुनेच्या, रोहिणीच्या हातात असताना उसळली, तेव्हा अर्जुनरावांनी दोष तिच्या पायाला दिला होता. आज तीच गाडी त्यांच्या स्वतःच्या हातात उसळली, आणि ते रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

झालं होतं एवढंच. हरभऱ्याचं बियाणं आणायला ते एकटेच माजलगावला निघाले होते. पुढं सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर रांगत चालला होता. समोर रस्ता मोकळा बघून त्यांनी गाडी बाजूनं काढली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं पळायच्या ऐवजी गचका खाल्ला. मग आणखी एक. मानेला हिसका बसला, चष्मा नाकावर घसरला, आणि ट्रॅक्टरवाला वाकून त्यांच्याकडं बघायला लागला. पाय सैल केला तशी गाडी मुकाट चालायला लागली. पुन्हा दाबला, पुन्हा गचके.

क्लच त्यांनी बरोबर सोडला होता. गिअर बरोबर होता. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. वेगवेगळ्या परिस्थितीत तेच घडत असेल तर कारण काय समजायचं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चालवणारा बदलला होता. गचका तोच होता.

त्यांच्या डोळ्यांपुढं लिंबागणेशचं अंगण आलं.

संकष्टीला सगळे तिकडं दर्शनाला गेले होते. धाकटी बहीण वनमाला तिथंच दिलेली, त्यामुळं उपास सोडायला जेवण तिच्याकडं. गाडी सून चालवत होती, अर्जुनराव शेजारी, त्यांची बायको मुक्ताबाई मागं. पोरगा शिवशंकर जालन्याला नोकरीला. गाडी त्यानं घेऊन घरी ठेवलेली, आणि रोहिणीला ती शिकवली अर्जुनरावांनीच. मांजरसुंब्याच्या चढाला एका ट्रकला मागं टाकताना गाडी अशीच उसळली होती. मागच्या बसनं हॉर्नचा भडिमार केला. रोहिणी घाबरली, पण तिनं गाडी कडेला घेतली, सावरली, आणि म्हणाली होती, "मामा, मी काहीच केलं न्हाई. नुसतं दाबलं."

"नुसतं दाबलं म्हंजे कसं दाबलं, तेच तर म्हणतो मी," असं म्हणून अर्जुनरावांनी पुढं गाडी स्वतः, अगदी सावकाश चालवली होती. सावकाश चालवली म्हणून ती उसळली नव्हती. हे त्यांना आज कळत होतं.

आणि वनमालाच्या अंगणात, जेवणं झाल्यावर, शेजारपाजारची माणसं पानाला चुना लावत बसलेली असताना त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. खुर्चीवर बसून पायानं नक्कल करून दाखवली. "गाडीला दोष न्हाई. पायात हलकेपणा लागतो. काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो." वनमालाचा पोरगा पप्पू म्हणाला होता, "वैनी, गाडी चालवता का घोडा?" सगळे हसले. अर्जुनराव सगळ्यांत जास्त हसले होते. रोहिणी ताटं उचलत होती. तिनं ताटं आत नेली आणि बाहेर येऊन आपल्याजवळची गाडीची दुसरी किल्ली सासऱ्यांच्या मांडीजवळ ठेवली.

त्या दिवसापासून तिनं किल्लीला हात लावला नव्हता. गोष्ट नुसती किल्लीची असती तर चाललं असतं. माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात गाळप सुरू होत होतं, आणि तिथल्या प्रयोगशाळेत रस तपासायच्या कामावर तिला बोलावणं आलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या पोरीला एवढ्या जवळ असं काम पुन्हा कधी मिळणार होतं? पण पाळ्या अशा, की एसटीच्या भरवशावर जाणं जमणारं नव्हतं. गाडी चालवता आली तरच काम. आज संध्याकाळपर्यंत तिला होय की नाही ते कळवायचं होतं, आणि सकाळीच तिला मुक्ताबाईंना म्हणताना अर्जुनरावांनी ऐकलं होतं, "न्हाई म्हणूनच सांगते, आई. रस्त्यात कुणाच्या अंगावर घातली तर."

बियाण्याचं दुकान बाजूला राहिलं. अर्जुनरावांनी गाडी सरळ नबीच्या गॅरेजला नेली.

नबी मोंढ्याच्या बाजाराजवळचा मिस्त्री, बोलायला मोठा खमक्या. गाडीत बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोण्यासारखी चालती गुरुजी. कावून घाबरलात?"

"जोरात दाबून बघ."

नबीनं दाबून बघितलं आणि परत आल्यावर त्याचा चेहरा बदललेला होता. "डिझेलचा फिल्टर चोक हाय. माझ्या बापानं बी हेच सांगितलं असतं." फिल्टर बदलला. गाडी तशीच उसळली. "मग बापाचं बी चुकलं असतं," असं म्हणत त्यानं स्कॅनर लावला. आकडे बघत त्यानं डोकं खाजवलं. "इंजनला हवा कमी येतीय. टर्बोचा पाइप कुठंतरी फुटला असंल."

टर्बो ही साधी गोष्ट आहे. लोहाराचा भाता निखाऱ्यात वारा घालतो, आणि वारा वाढला की आग वाढते. गाडीत भाता हलवायला माणूस नसतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक चाक फिरवतो, आणि त्या चाकाच्या जोरावर दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हळू चाललं तर भात्याचं फारसं काम पडत नाही. पाय दाबला की मात्र भाता जोरात चालायला लागतो आणि भराभर हवा मागतो. ती मिळाली नाही की आग विझू विझू होते, पुन्हा पेटते, पुन्हा विझू विझू होते. तोच गचका.

नबीनं साबणाचा फेस करून एकेका पाइपावर लावला. हवा सुटत असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. क्लिपा घट्ट होत्या.

"बाहेर सुटत न्हाई," अर्जुनराव म्हणाले. शाळेत फळ्यासमोर बोलत तसे ते हळू बोलत होते. "मग आत येतानाच कमी येत असंल. हवा आत येते कुठून?"

"हितून की." नबीनं बॉनेटच्या अगदी पुढच्या कडेला, जाळीच्या मागं असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या तोंडावर बोट ठेवलं. चपटं, उघडं, बेडकाच्या तोंडासारखं.

अर्जुनरावांनी ते तोंड बघितलं. त्यांना उत्तर कळलं होतं. आता ते खरं निघू नये असं त्यांना वाटत होतं.

नबीनं दोन बोटं आत घातली, मग लांब चिमटा घातला. "कायतरी हाय. मऊ लागतंय." त्यानं ओढलं, तसं आतून लाल कापड निघालं. जरीची कड, मळलेलं, हळदीचे डाग पडलेलं. खण होता. एक टोक आत वळणावर अडकलेलं, दुसरं मोकळं. गाडी हळू चालली की ते टोक खाली पडून राही. भात्यानं जोर केला की वर ओढलं जाऊन नेमकं नरडं बंद करी.

दसऱ्याला गाडीची पूजा अर्जुनरावांनीच केली होती. बाकीचे लोक चाकाला हळदीकुंकू लावतात; त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाची केली, कारण खरं शस्त्र ते. झेंडू वाहिला, आपट्याची पानं वाहिली, मुक्ताबाईंनी दिलेला खण वाहिला. वारा होता. खण उडू नये म्हणून त्यांनी त्याचं टोक समोर दिसलेल्या रिकाम्या खोबणीत खोचलं होतं. दुसऱ्या दिवशी फुलं काढताना रोहिणी म्हणाली होती, "मामा, खण दिसत न्हाई." ते म्हणाले होते, "गेला असंल वाऱ्यानं." वाऱ्यानंच नेला होता. फक्त आत.

नबी पोट धरून हसला. मग गुरुजींच्या तोंडाकडं बघून थांबला. "जाऊ द्या गुरुजी. घरी सांगा, उंदीर शिरलता. लई गाड्यात शिरतेत. मी कुणाला बोलायचो न्हाई."

अर्जुनरावांनी खण घडी न घालता खिशात कोंबला. घरी येईपर्यंत वाटेत त्यांनी मुद्दाम दोनदा जोरात दाबून बघितलं. गाडी बाणासारखी गेली. त्यांना तिचा राग आला.

घरी रोहिणी पडवीत लसूण सोलत बसलेली, मुक्ताबाई शेजारी. अर्जुनराव उभ्यानंच म्हणाले, "गाडीत बिघाड होता. नबीनं काढला. हवेच्या पाइपात उंदरानं चिंध्या भरल्या होत्या."

एवढ्यानं भागलं असं त्यांना वाटलं. गाडीचा दोष गाडीवर गेला, सुनेचा पाय सुटला, आणि त्यांचंही झाकलं गेलं. पण मुक्ताबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते. शेंगांचं पोतं गाडीला टेकून कुणी ठेवलं होतं? उंदीर येनार न्हाई तर काय."

पोतं रोहिणीनं ठेवलं होतं. तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "व्हय, मीच ठेवलं," ती म्हणाली. "चुकलं माझं, मामा. तुमाला नाहक खेटा पडला."

अर्जुनरावांना वाटलं, भर अंगणात कुणी आपल्या अंगावरचं धोतर ओढलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती. एकदा पायाचा दोष तिचा, आता उंदराचा दोषही तिचाच. आणि ती तो घेत होती, निमूट, जसा लिंबागणेशला घेतला होता.

त्यांनी खिशातून खण काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"उंदीर न्हाई," ते म्हणाले. "मी."

मुक्ताबाईंनी खण ओळखला आणि पदर तोंडाला लावला. रोहिणीनं आधी खणाकडं, मग सासऱ्यांकडं बघितलं. अर्जुनरावांनी सगळं सांगितलं: खोचलं कसं, अडकलं कसं, रस्त्यात काय झालं, नबीनं काय सुचवलं. सांगताना त्यांचा आवाज विद्यार्थ्यासारखा झाला होता. मग त्यांनी फोन काढला, वनमालाला लावला आणि स्पीकरवर टाकला. "पप्पू हाय का? त्यालाबी बोलव. त्या दिवशी अंगणात होते त्यांना सांगायचं हाय."

पुन्हा सगळं सांगितलं. पलीकडून पप्पू म्हणाला, "म्हंजे मामा, घोड्याचं तोंड तुमीच बांधलं होतं व्हय." वनमालानं त्याला दटावल्याचं ऐकू आलं. ती म्हणाली, "दादा, एवढं कावून मनाला लावून घेतोस. घरातलीच मान्सं."

"घरातली सून होती म्हणून तर हसलो मी," अर्जुनराव म्हणाले आणि फोन ठेवला.

रोहिणीनं खणाची घडी घातली. मग बोलली. "मामा, शाळेत एखाद्या पोराचं गणित चुकलं तर तुमी आधी काय करत होता?"

"कसं केलंस ते विचारायचो."

"मला न्हाई विचारलं."

"न्हाई विचारलं," ते म्हणाले. आणखी काही म्हणावं असं त्यांच्या मनात आलं, पण जे येत होतं ते सगळं सबबीसारखं वाटत होतं.

ती उठली. हात धुतले. आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला: "हो सर, येते. सोमवारपासून." बाहेर येऊन तिनं खिळ्यावरची आपली किल्ली घेतली. "रस्ता बघून येते कारखान्यापर्यंत."

"मी येऊ संगं?"

"नको. एकटीच जाते."

ती रागानं म्हणाली नाही. राग असता तर बरं झालं असतं.

गाडी सुरू झाल्याचं ऐकून अर्जुनराव सवयीनं फाटकापर्यंत गेले. ती क्लच कसा सोडते, वळणावर गिअर कोणता टाकते, हे इथं उभं राहून बघायचं आणि आल्यावर सांगायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत होती. गाडी अंगणातून बाहेर पडली. पुढं रस्त्याचा चढ होता. तिथं ती दाबणार होती.

अर्जुनरावांनी तिकडं पाठ केली, पडवीत येऊन बसले आणि राहिलेला लसूण सोलायला घेतला.