सुचित्राचं ओरडणं

“बाबा, आई मला कशी ओरडायची? एक्झॅक्ट वर्ड्स सांग ना.”

प्रबोधचा घास हातातच राहिला. सुचित्राला जाऊन वर्ष होत आलं होतं. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक रोज समोरासमोर जेवत, पण तिचा विषय कुणीच काढत नसे.

“कशाला हवंय?”

“गाणं करतेय. कम्युनिटी क्लबमध्ये शो आहे. रॅप. मराठीत.”

मराठीत! सुचित्रा लेकीशी जन्मभर मराठीत बोलली आणि गार्गी इंग्रजीत उत्तरं देत राहिली. ‘एकदा तरी माझ्याशी मराठीत भांड गं,’ असं सुचित्रा हसत म्हणायची. शेवटी हॉस्पिटलात म्हणाली, तेव्हा हसली नव्हती.

“तिच्या ओरडण्याचा तमाशा करायचाय तुला? त्या ढॅणढॅण आवाजावर?” प्रबोध ताटावरून उठला.

गार्गीने मोबाइल टेबलावर ठेवला. “फक्त ऐक. नायजेरियाचा रॅपर आहे, लागोसचा. योरुबामध्ये गातो, त्याच्या घरच्या भाषेत. इथे कोणाला कळत नाही, तरी माझ्या क्लासमधले सगळे गातात. लंडनचे सिंगर्सपण आता नायजेरियाचे बीट्स घेतात. आणि हा कुणासाठी भाषा बदलत नाही, लाह.” इथल्या पोरांसारखं ते ‘लाह’ तिच्याही तोंडी बसलं होतं.

ठेका सुरू झाला. त्यावर भरभर शब्द. प्रबोधला एक अक्षर कळेना. मग ठेका थांबला आणि एक बाई तावातावाने बोलू लागली.

“ही कोण?”

“त्याची मम्मी. ओरडतेय त्याला. ती गेल्यावर त्याने तिचा जुना व्हॉइस मेसेज गाण्यात घातला.” गार्गीने गाणं थांबवलं. “आपल्याकडे आईचा आवाज नाहीच आहे, बाबा. ती नेहमी टाइप करायची.”

प्रबोध पुन्हा खुर्चीत बसला. ताट पुढे ओढून म्हणाला, “ओल्या केसांनी एसीत बसू नको.”

“हां! मग?”

“पंखा काय तुझा मामा येऊन बंद करणार? वेळेवर घरी ये. आणि… जेवलीस का? कितीही ओरडली तरी शेवटी तेच.”

गार्गी त्याच्यामागून म्हणू लागली. ‘वेळेवर’चं ‘वेलेवर’ होत होतं.

“जीभ मागे वळव जरा!” प्रबोध डाफरला. अगदी तिच्याच सुरात.

शनिवारी क्लबचा हॉल भरला होता. स्टेजवर गार्गी एकटीच होती, हातात माइक. मामा, पंखा, ओले केस, सगळं त्या ठेक्यावर धावत आलं, आणि मग ती थांबून ओरडली, “जेवलीस का?” दुसऱ्यांदा हॉलमधल्या पोरांनी तिच्याबरोबर म्हटलं. तिसऱ्यांदा सगळ्यांनीच. चिनी, मलय, तमिळ तोंडांतून सुचित्राचा प्रश्न येत राहिला. प्रबोधने चष्मा काढून पुसला.

शेजारची चिनी आँटी गुडघ्यावर ताल धरून होती. ती त्याच्याकडे वाकली. “अंकल, युअर डॉटर आह? व्हॉट शी सिंगिंग?”

“हर मदर इज स्कोल्डिंग हर.”

“वाह! मदर ऑल्सो कमिंग?”

प्रबोधला ‘नाही’ म्हणवेना.

आँटीने पलीकडच्या खुर्चीवरची आपली भाजीची पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि ती खुर्ची हाताने पुसून रिकामी ठेवली.