सहा एक्केचाळीसची शांतता

हिनेक क्रातिनाने झाडूच्या दांड्याने तंबूचं छत आतून वर ढकललं. रात्रभर साचलेलं पाणी कापडावरून घरंगळत बाहेर गवतात पडलं. त्याने पियानोच्या झाकणावरचे चार थेंब बाहीने पुसले आणि तो दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला.

"हळू, काका!" खुर्चीत बसलेली लिबुशे ओरडली. "मागच्या मंगळवारी असंच ढकललंत आणि सगळं पाणी माझ्या टोपीत. लोकांना हवामान सांगायचं आणि आपणच भिजायचं."

"टोपी घालून कशाला बोलतेस? ऐकणाऱ्यांना थोडीच दिसते."

"मला माहीत असतं ना, घातली आहे ते."

लिबुशे रेडिओ केंद्राची निवेदिका होती. पायांवर घोड्याचं कांबळं ओढून ती अकराच्या बातम्यांचे कागद लावत होती. मग तिने पेन्सिलीने मायक्रोफोनवर तीनदा टकटक केली. दमट हवेत त्याच्या आतली कोळशाची भुकटी गोळा होऊन बसायची, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी ती अशी हलवावी लागे.

बाहेर ऑक्टोबरचं धुकं होतं. विमानतळाच्या माळावर ते इतकं दाट उतरलं होतं की वीस पावलांवरची बराक दिसत नव्हती. तिथल्या यंत्राची घरघर तेवढी येत होती. गेलं दीड वर्ष केंद्र याच तंबूतून चालू होतं. तंबूतला आवाज तारेने बराकीत जाई आणि तिथून एरियलवर. मायक्रोफोनचा स्विच बराकीत, हिनेकच्या टेबलावर होता. तो चालू आहे की बंद, हे तंबूत बसलेल्या माणसाला कळायला काही साधन नव्हतं.

तंबूचा पडदा बाजूला झाला आणि केंद्रप्रमुख वाव्रा वाकून आत आले. आज त्यांनी चांगला कोट घातला होता. मिशा धुक्याने ओल्या झाल्या होत्या.

"तीनला टपाल खात्याचे निरीक्षक येतायत, लक्षात आहे ना? लिबुशे, ते कांबळं तेवढं लपव."

"मला लपवा, साहेब. कांबळं राहू द्या, त्याला थंडी वाजत नाही."

वाव्रा हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक पाकीट काढून हिनेकला दिलं.

"हे बघा, कुठून कुठे फिरून आलंय. दुपारच्या टपालाने उत्तर जाऊ दे. आमचं नव्हे, असं लिहून टाका. निरीक्षक परदेशी पत्रांची फाइल आधी उघडतात. ती पूर्ण असलेली बरी."

पाकिटावर सगळीकडे शिक्के होते. ते आधी बुडापेस्टला गेलं होतं, तिथून व्हिएन्नाला. दोन्ही ठिकाणी कुणीतरी मागच्या बाजूला लिहिलं होतं, आमचं केंद्र नव्हे. पाठवणाऱ्याचं नाव थोरवाल नेसहाइम. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावरचं दीपगृह.

अशी पत्रं नेहमीच येत. दूरवर कुणाला रात्री-संध्याकाळी एखादं अनोळखी केंद्र सापडलं, की तो किती वाजता काय ऐकलं ते टिपून पाठवी. केंद्राने आपली नोंदवही उघडायची, ताडून बघायचं आणि एक छापील कार्ड पाठवायचं. लोक ती कार्डं भिंतीवर लावत. नोंदवही हिनेककडे असे, म्हणून कार्डंही तोच भरे.

अकराच्या बातम्या संपल्या. लिबुशेने धुकं असल्याचं सांगितलं, त्यात काही चुकीचं नव्हतं. हिनेकने स्विच बंद केला, मग सवयीप्रमाणे बोटाने पुन्हा एकदा दाबून पाहिला. हेडफोन काढून त्याने पत्र उघडलं.

ते जर्मनमध्ये होतं, जहाजांवर शिकलेल्या माणसाच्या जर्मनमध्ये. अक्षर मोठं आणि सरळ.

'१३ जानेवारी, रविवार. लहर सुमारे अकराशे मीटर. ६:३२ पियानो. वरच्या पट्टीतला एक सूर दर वेळी वाजत नाही. ६:४१ पियानो थांबतो. पावलं. काहीतरी काचेचं टेकवल्याचा आवाज. ६:४२ ग्लासात चमचा फिरतो. बराच वेळ फिरतो. ६:४३ चमचा थांबतो. बाई काहीतरी विचारतात. पुरुष अगदी थोडं बोलतो. बाई हसतात. खूप हसतात. थांबतात, पुन्हा हसतात. ६:४४ शांतता. ६:५० पियानो.'

हिनेक उठला. यंत्राच्या तबकडीवरचा काटा नीट होता, तरी त्याने तो पाहिला. मग परत येऊन बसला.

'भाषा मला ओळखता आली नाही,' पुढे लिहिलं होतं. 'नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे दुसरं माणूस नसतं आणि बोट येत नाही, म्हणून पत्राला उशीर. त्यानंतरचे तीन रविवार मी त्याच वेळी हेडफोन लावून बसलो. पियानो आला. तो सूर तसाच अडत होता. पण हसणं आलं नाही. बाई बऱ्या आहेत ना? मी ऐकलं ते तुमचंच केंद्र होतं का, एवढं कळवावं.'

हिनेकने फळीवरून जानेवारीची नोंदवही काढली. पान शोधावं लागलं नाही. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ६:४१ ते ६:४४, शांतता.

त्या दिवशी बर्फामुळे शहरातून गवई आलेच नव्हते. हिनेकची बायको ब्लाझेना त्याचा डबा घेऊन आली होती. तिला पियानो येत असे, लग्नाआधी ती नाचाच्या शाळेत वाजवायची. वाव्रांनी टेलिफोनवरून सांगितलं, क्रातिनाबाईंनाच बसवा. ती कोट न काढताच बसली आणि तिने नऊ मिनिटं पोल्का वाजवला. वाजवणं संपल्यावर हिनेकने हेडफोन काढले आणि चहाचा ग्लास घेऊन तो बर्फातून तंबूत गेला. स्विच बंद करायचा राहिला. परत आल्यावर त्याने पाहिलं, तर खटका वरच होता.

ट्रामच्या रुळांच्या कडेने घरी जाताना तो तिला बोलला होता.

"सगळ्या जगाने ऐकलं असेल. जरा हळू हसता येत नाही का तुला?"

बर्फात तिच्या बुटांचा करकर आवाज येत होता, तेवढाच.

पुढच्या रविवारपासून तिला दर आठवड्याला बोलावणं येऊ लागलं. लोकांना पोल्का आवडला होता. वाजवून झाल्यावर ती तोंडावर रुमाल धरून बसे. हिनेक तंबूत येऊन स्विच बंद आहे म्हणून सांगे, तरी ती रुमाल काढत नसे, नुसती मान हलवी. तो तेव्हा मनात म्हणाला होता, बरं झालं, समजलं तिला. फेब्रुवारीच्या शेवटी तिला ताप आला. मार्चच्या मध्याला ती गेली.

बावीस वर्षांत तो तिला याहून लागट बोलला असेल. ते त्याला आठवत नव्हतं. हेच आठवत होतं.

धुकं बराकीच्या काचेला टेकलं होतं. हिनेकने डोळे मिटले. त्याला वाटलं, बराक, तंबू, दोन्हींमधली तार, सगळं जमिनीवरून सुटून हळूहळू वाहत चाललं आहे आणि खाली कुठे तरी काळं पाणी आहे. पाण्याच्या पलीकडे एक माणूस दिव्याखाली बसला आहे, कानाला हेडफोन, हातात पेन्सिल. तो वाट पाहतो आहे. एक रविवार, दुसरा, तिसरा. आणि इकडे ती तोंडाला रुमाल लावून बसली आहे.

दोन वाजून गेले तेव्हा त्याने छापील कार्ड समोर घेतलं. त्यावर दोन ओळी होत्या. आपण ऐकलेलं केंद्र आमचं आहे. आपण ऐकलेलं केंद्र आमचं नाही. नको ती ओळ खोडायची आणि कार्ड शिक्क्यासाठी वाव्रांकडे न्यायचं. खाली 'इतर' म्हणून थोडी मोकळी जागा होती. ती फारसं कुणी भरत नसे.

वाव्रा पलीकडच्या खोलीत फायली लावत होते. हिनेक पत्र आणि कोरं कार्ड घेऊन दारात उभा राहिला.

"झालं का?"

"साहेब, स्विच चालू होता."

वाव्रांनी फाइल बंद केली. तिच्यावरची दोरी बोटाला गुंडाळली.

"मला ऐकू येतं, क्रातिना. त्या दिवशी मी घरी होतो. आवाज मोठा यावा म्हणून हेडफोन सूपच्या भांड्यात ठेवून आम्ही तिघं डोकी घालून बसलो होतो, बायको, सासूबाई आणि मी. सासूबाई म्हणाल्या, ही बाई कशाला हसतेय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मग दुसऱ्या दिवशी मला विचारलंत ते?"

"टपाल खात्याकडे तक्रार गेली होती. केंद्रावर बायका खिदळतात म्हणून. मी विचारलं, स्विच बंद होता का? तुम्ही म्हणालात, होता. मला तेच हवं होतं. मी लिहून दिलं, कुठलं तरी परदेशी केंद्र मध्ये घुसलं असणार. माझी सही आहे त्याच्यावर."

"माहीत आहे."

"कार्डाची नक्कल फायलीत राहते. तीन वाजता ती निरीक्षकांच्या हातात असेल, आणि माझं जानेवारीचं पत्र त्यांच्या पिशवीत. परवाना नव्याने मिळायचं वर्ष आहे. काही झालं तर कुणाला तरी घरी जावं लागेल. स्पष्ट सांगतो, मी जाणार नाही. मला तीन मुली आहेत."

"मी कुठे म्हणतोय तुम्ही जा."

"या वयात कुठे काम मिळेल तुम्हाला? अशी केंद्रं काय गल्लोगल्ली आहेत?" वाव्रांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "एका खांबावर बसलेल्या माणसाला कार्ड नाही मिळालं, तर काय बिघडतं हो? दोघांनी नाही म्हटलंय. तिसरे आपण."

हिनेकने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

वाव्रांनी त्या वाचल्या. तीन रविवारांची ओळ त्यांनी पुन्हा वाचली असावी, कारण त्यांची नजर एकदा वर गेली आणि परत खाली आली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी खणातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो टेबलाच्या कडेला ठेवला. मग खुंटीवरची टोपी घेतली.

"मी ट्रामपर्यंत जाऊन येतो. या धुक्यात निरीक्षक एखाद्या विमानाच्या गोदामात शिरतील." दारातून ते मागे न पाहता म्हणाले, "टपालाची पिशवी पावणेतीनला जाते."

त्यांची पावलं चार-पाच ऐकू आली. मग धुक्यात विरली.

हिनेक आपल्या टेबलाशी येऊन बसला. आधी त्याने नोंदवही घेतली. 'शांतता' या शब्दावर एक रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'मायक्रोफोन चालू. ब्लाझेना क्रातिनोवा यांचं हसणं.' पुढे आपली सही आणि आजची तारीख.

मग कार्डावरची दुसरी ओळ खोडली. नक्कल केली. दोन्हींवर शिक्का मारला.

'इतर'च्या जागेवर मात्र त्याची लेखणी अडली. बाई बऱ्या आहेत ना, असं त्या माणसाने विचारलं होतं. हिनेकने 'बाई' लिहिलं आणि तो थांबला. काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. टेबलावरच्या हेडफोनांतून बारीक टकटक येत होती. तंबूतली तार जोडलेलीच होती आणि लिबुशे पेन्सिलीने मायक्रोफोन हलवत होती, अडीचच्या हवामानासाठी.

टकटक थांबली. लिबुशेचा आवाज आला, अगदी लहान, दुरून आल्यासारखा.

"काका, तिथे आहात ना? घ्या मला वर. आणि चहाचं बघा हो जरा नंतर."

त्याने हेडफोन चढवले, स्विच वर केला, आणि ती माळावरचं धुकं सगळ्यांना सांगू लागली तेव्हा जर्मनमध्ये, हळूहळू, एकेक अक्षर जोडत लिहिलं:

'बाई दोन मिनिटं नुसताच चहा ढवळत होत्या. साखर घालायला मी विसरलो होतो.'