तीन पावलांवर

कप्तान, म्हणजे बसचा ड्रायव्हर, आणि कंडक्टर यांनी एकाच बसवर, एकाच रस्त्यावर एकतीस वर्षं काढली. सकाळी बेचाळीस किलोमीटर जायचं, संध्याकाळी तेच बेचाळीस परत यायचं. त्यात एक नदी, दोन फाटकं आणि सतरा थांबे. कप्तान म्हणायचा, "या रस्त्यातले खड्डेसुद्धा मला नावानिशी ओळखतात." डेपोत हजेरीच्या टेबलामागच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर लटकलेलं असायचं. त्यावर डोंगरांच्या मधोमध एका निळ्या तळ्याचं चित्र होतं. वर्ष बदललं तरी ते कॅलेंडर कुणी काढलं नाही. रोज सही करताना कप्तान मान वर करून म्हणायचा, "एक दिवस गाडी तिथे नेणार. स्वतः चालवत. कुठल्याही थांब्यावर न थांबता."

निवृत्तीनंतर चार वर्षांनी तो दिवस उगवला. त्यांनी आठ दिवसांसाठी एक कॅम्पर भाड्याने घेतला. मागे चार जणांना झोपायची सोय, इवलीशी शेगडी, न्हाणीघर आणि घडीचं टेबल असलेलं चालतंफिरतं घरच ते. बरोबर कप्तानाची बायको होती, जिला कंडक्टर वहिनी म्हणायचा, आणि बाई होत्या. बाईंनी याच बसने सव्वीस वर्षं शाळेत ये-जा केली होती. मुलांच्या वह्या त्या बसमध्येच तपासायच्या. खड्डा आला की लाल पेन घसरायचं आणि बिचाऱ्या मुलाच्या बरोबर उत्तरावर रेघ उमटायची. मग बाई शेजारी लिहायच्या, 'ही चूक रस्त्याची आहे, तुझी नाही.'

निघायच्या आदल्या दिवशी कप्तानाने कॅम्परच्या छताखालून एक दोरी ओढून घेतली. मागच्या दारापासून निघून ती थेट स्टिअरिंगपाशी बांधलेल्या घंटीपर्यंत आली. "घंटीशिवाय माझा पाय क्लचवरून उठत नाही," तो म्हणाला. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. वहिनी हसल्या, बाईही हसल्या. म्हाताऱ्यांचा पोरखेळ आहे, असं दोघींना वाटलं.

पण खरं कारण कंडक्टरला ठाऊक होतं. कप्तानाचे डोळे अधू झाले होते. किती, ते त्याने कधी नीट सांगितलं नव्हतं. "थोडं धूसर दिसतं रे, वय झालं," एवढंच. पुढच्या महिन्यात लायसन्सचं नूतनीकरण होतं, डोळ्यांची तपासणी होती, आणि त्यात आपण पास होणार नाही हे तो जाणून होता. म्हणजे गाडी चालवायची ही शेवटची संधी. "एवढं तळं दाखव मला," तो कंडक्टरला म्हणाला होता. "तू शेजारी बस. पुढे काही दिसलं की एक टोल, मोकळं असेल तर दोन. बायकांना कळायला नको. नंतर चावी मीच तुझ्या हातात देईन."

कंडक्टरने मान डोलावली. एकतीस वर्षं त्याने या माणसाच्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवली होती. आता शेजारी बसून वाजवायची, असं त्याने स्वतःला समजावलं. पण निघाल्यापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. एकीकडे दोरी आणि दुसरीकडे रस्ता, त्यात त्याची मान अवघडून गेली.

पहिले तीन दिवस मात्र छान गेले. त्यांनी एक दगडी पूल पाहिला, एक बंद पडलेलं दीपगृह पाहिलं. तिसऱ्या दिवशी धबधब्यापाशी गाडी लावली. कंडक्टर कप्तानाच्या कानाशी पुटपुटला, "तीन धारा. मधली जाड. खाली खडकावर एक झाड वाकलंय."

कप्तानाने कमरेवर हात ठेवले. "वा! मधली धार कशी दणदणीत आहे बघा! आणि ते वाकलेलं झाड! म्हातारं दिसतंय, माझ्यासारखं."

"अहो, तुम्हाला इतकं बारीक कधीपासून दिसायला लागलं?" वहिनी म्हणाल्या. "घरात तर समोरची मीठदाणी दिसत नाही."

"मीठदाणी काय बघायची? धबधबा बघायला माणूस डोळे राखून ठेवतो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. कप्तान धबधब्याकडे सरळ न पाहता मान जराशी वाकडी करून पाहतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. वर्गात शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारं मूल असंच करतं. पण त्यांना वाटलं, काचेतून दिवसभर पाहून डोळे शिणले असतील. काच खरोखरच मेलेल्या किड्यांनी बरबटलेली होती.

चौथ्या दिवशी दुपारी घाटमाथ्यावर एक मोकळी जागा आली. तिथून सगळी दरी दिसत होती. तळं आता साठ किलोमीटरवर राहिलं होतं. चौघांनी चहा घेतला. कप्तान चटकन जाऊन स्टिअरिंगवर बसला. त्याला कधी एकदा निघतो असं झालं होतं. कंडक्टर मागच्या भागात कप विसळत होता. तेवढ्यात वहिनी चढल्या. त्यांनी दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "चला!"

दार लागल्याचा तो आवाज आणि 'चला' हा शब्द. कंडक्टरचा ओला हात आपोआप वर गेला. एकतीस वर्षांत हजारो वेळा गेला होता तसाच. दोन टोल.

गाडी हलली, आणि पुढून किंकाळी ऐकू आली.

बाई गाडीत नव्हत्याच. त्या ओलं फडकं घेऊन पुढची काच पुसायला गेल्या होत्या. पुसून झाल्यावर, फळ्यावर लिहिलेलं नीट दिसतं का हे पाहायला मागे सरकावं तशा त्या तीन पावलं मागे सरकल्या होत्या. भर दुपारी, लख्ख उन्हात, गाडीच्या अगदी समोर त्या उभ्या होत्या.

किंकाळी ऐकताच कप्तानाने करकचून ब्रेक दाबला. गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगातच होती म्हणून बाई वाचल्या. धक्का लागून त्या हातावर पडल्या. उजवं मनगट पाहता पाहता सुजलं. फडकं तेवढं मुठीत घट्ट होतं.

खालच्या गावात एक छोटा दवाखाना होता. तिथपर्यंत गाडी कुणी न्यायची, हा प्रश्न कप्तानाला पडलाच नाही. तो इंजिन चालू करून बसला होता. पण कंडक्टर म्हणाला, "नको. हात थरथरतोय तुझा." त्याने रस्त्यावरची एक जीप थांबवली आणि चौघेही तिच्यातूनच खाली उतरले. कॅम्पर वरच राहिला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मनगटाला प्लास्टर घालता घालता त्यांनी विचारलं, "कसं झालं हे?"

मग कंडक्टर म्हणाला, "चूक माझी. सगळे चढले असं समजून मी घंटी दिली."

ते खरंच होतं. पण त्यातलं अर्धं त्याने गिळलं होतं, आणि गिळताना त्याला कप्तानाच्या पडलेल्या खांद्यांत पुन्हा धुगधुगी आलेली दिसली.

वहिनींनी सुस्कारा सोडला. "भावजी, केवढा घोळ घातलात! जाऊ दे, जिवावरचं हातावर निभावलं."

"हो ना," कप्तान लगेच म्हणाला. "आजच्या दिवस आराम करू. उद्या सकाळी निघू. साठच किलोमीटर तर राहिलेत. आणि बाई, तुम्ही आता मागे मस्त आडव्या होऊन या."

त्याने ते इतक्या हौसेने म्हटलं की कंडक्टरला उद्याची सकाळ दिसू लागली. उद्या पुन्हा हा माणूस स्टिअरिंगवर बसेल आणि आपण शेजारी दोरी धरून बसू. पुन्हा एखादी बाई, एखादं पोर, एखादा सायकलवाला तीन पावलांवर उभा असेल.

"कप्तान," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे बघत होता. सरळ माझ्याकडे. मी हसलेसुद्धा. मला वाटलं, काच स्वच्छ झाली हे तुम्हाला दिसलं."

कप्तानाने मान कंडक्टरकडे वळवली. 'सांभाळ रे' असं त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण एकतीस वर्षं पाठमोऱ्या मानेवरून ज्याने मन ओळखलं, त्याला शब्द कशाला लागतात?

"त्याला नीट दिसत नाही, वहिनी," कंडक्टर म्हणाला. "दीड वर्षापासून. मला माहीत होतं. रस्ता मी सांगत होतो, म्हणून ती घंटी. आणि तो धबधबाही मीच सांगितला."

"चोंबड्या," कप्तान म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "एक दिवस थांबला असतास. एक दिवस! एकतीस वर्षांत मी तुझ्याकडे दुसरं काय मागितलं होतं?"

तो उठला, हाताने भिंत चाचपत दाराबाहेर गेला आणि व्हरांड्यातल्या बाकावर पाठ करून बसला.

वहिनी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "मी केस कापून आले, तर हे तीन दिवसांनी बोलले. तेही डोक्यावरून हात फिरवल्यावर. मी रुसले होते हो भावजी. मला वाटलं, आता लक्षच राहिलं नाही माझ्याकडे."

दवाखान्यालगतच एका घरात त्यांना दोन खोल्या मिळाल्या. कंडक्टरने कॅम्परच्या मालकाला फोन करून सगळं खरंखुरं सांगितलं. मालक म्हणाला, सकाळी ड्रायव्हर पाठवतो, गाडी परत आणा. जेवताना कप्तान कंडक्टरशी अवाक्षर बोलला नाही. 'पाणी दे' हेसुद्धा त्याने वहिनींमार्फत सांगितलं.

सकाळी बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. गळ्यात हात अडकवलेला, समोर कंडक्टरचा चष्मा. डाव्या हाताने, दात लावून, त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून आणलेल्या चिकटपट्टीचे दोन गोल तुकडे केले आणि चष्म्याच्या दोन्ही काचांच्या बरोबर मधोमध चिकटवले.

"कप्तान, असंच दिसतं ना? कडेचं दिसतं, मधलं नाही?"

कप्तान पलीकडे बसला होता. तो म्हणाला, "हो. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. पांढऱ्या रेघा दिसतात. म्हणूनच तर वाटायचं, जमतंय."

"तुम्हाला कुणी विचारलंच नाही कसं दिसतं ते. आणि तुम्हीही सांगितलं नाहीत." बाईंनी चष्मा कंडक्टरपुढे धरला. "घाला. सांगून कळत नाही. करून बघावं लागतं."

कंडक्टरने चष्मा घातला. बाक दिसलं. खांब दिसला. कप्तानाचे खांदे दिसले, कान दिसले, डोक्यावरची टोपी दिसली. चेहरा मात्र कुठेच नव्हता. त्याने मान हलवली तशी पट्टीही हलली. जिकडे बघावं तेच नेमकं पुसलं जात होतं.

"म्हणजे..." त्याने स्वतःच्या गालाला हात लावला. "माझं तोंड?"

"दीड वर्षात नाही बघितलं," कप्तान म्हणाला. "काय मोठं नुकसान झालं? आधी तरी काय बघण्यासारखं होतं?"

वहिनींना हसू आलं आणि त्याच हसण्यात हुंदकाही आला. त्या उठून आत गेल्या.

कंडक्टरने चष्मा काढला. इतके दिवस तो रस्ता सांगत होता, धारा सांगत होता, झाड सांगत होता. या माणसापुढे माणसांचे चेहरे उरले नाहीत, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. 'थोडं धूसर' या दोन शब्दांवर विश्वास ठेवणं सोयीचं होतं, म्हणून त्याने तो ठेवला होता.

"आरशातही दिसत नाही," कप्तान बोलत होता, कुणाकडेच न बघता. "दाढी अंदाजाने करतो. तू सांग आता. आता काय, लपवायचं काही राहिलं नाही. कसा दिसतो मी?"

कंडक्टर त्याच्याजवळ जाऊन बसला. काहीतरी गोड बोलणं त्याच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं.

"म्हातारा दिसतोस," तो म्हणाला. "गाल बसलेत. हनुवटीखाली केसांचा पट्टा राहिलाय, आठवडाभराचा असेल. भुवया पांढऱ्या झाल्यात. आणि कालपासून रडल्यासारखा दिसतोस."

"रडलो नाही."

"बरं, दिसतोस तसा."

कप्तानाने हनुवटीखाली बोटं फिरवली. तो पट्टा त्याला सापडला. तो बराच वेळ तिथेच चाचपत राहिला.

मालकाचा ड्रायव्हर दहाच्या सुमारास कॅम्पर घेऊन खाली आला. शिष्ट नव्हता, पण घाईत होता. "काका, तळ्याकडे जायचं असलं तर नेतो. साहेबांनी सांगितलंय, एक दिवस चालेल," असं तो स्वतःहून म्हणाला.

सगळे कप्तानाकडे बघू लागले.

"नको," तो म्हणाला. "बाईंचा हात दुखतोय." मग थोड्या वेळाने, "आणि तिथे पोचून मी काय बघणार होतो? चालवत जायचं होतं रे. एवढंच होतं."

त्याने खिशातून जादा चावी काढली, ड्रायव्हरला दिली आणि सवयीने पुढच्या दाराकडे वळला. दोन पावलं गेल्यावर त्याला आठवलं. तो थांबला, गाडीच्या अंगावर हात ठेवून मागच्या दारापाशी आला. गाडी निघताना या दाराने तो आजवर कधी चढला नव्हता. त्याचा पाय हवेत अडखळला.

कंडक्टरने हात पुढे केला.

"हात नको," कप्तान म्हणाला. "पायरी किती उंच आहे, तेवढं सांग."

'असेल वीतभर,' असं कंडक्टर म्हणणार होता. पण तो खाली बसला, गुडघे कुरकुरले, आणि त्याने जमिनीपासून पायरीपर्यंत आपली वीत लावून पाहिली.

"दीड वीत आहे," तो म्हणाला. "वर कडेला पत्रा थोडा पुढे आलाय. पाय जरा उचलून टाक."

कप्तानाने पाय उचलून टाकला.