अंगठेबाबा आणि नववा गळा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढच्या तीन रांगांत छातीवर पदकं लावलेले निवृत्त सैनिक, त्यांच्यामागे बायका, सुना, नातवंडं. मंचावर अंगठेबाबा, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत गळ्याला रुमाल बांधलेला एक मुका शिपाई.

"या वीराचा आवाज शत्रूच्या गोळीनं नेला!" बाबा गरजले. "मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. मी हात टेकत नाही, मी अंगठा टेकतो!"

त्यांनी रुमाल सोडला. गळ्याच्या खळीत नाण्याएवढं भोक होतं. बाबांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि भोकावर अंगठा दाबला. शिपाई घोगऱ्या आवाजात, पण अगदी स्पष्ट बोलला, "बाबांचा विजय असो!"

मग काय विचारता! टाळ्या, हुंदके, लोटांगणं. ज्यांच्या एका हुकुमावर तोफा धडाडत असत, ते साहेब मंचावर पालथे पडून बाबांच्या पायाला नाक घासत होते. मला हसू आलं आणि त्याच दमात किळसही आली.

मी दहाव्या रांगेत बसले होते. बावीस वर्षं मी माजी सैनिकांच्या रुग्णालयात गळ्याची शस्त्रक्रिया करते. गोळीनं एवढं गोल, काठाला नीट टाके घातलेलं भोक पडत नाही हे मला लांबूनही कळत होतं. शिंप्याला आपली शिलाई ओळखू येते. मला माझी आली; हा शिपाई माझाच जुना रुग्ण होता. पण रुग्णाची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, हा आमचा धर्म. मी नुसते दातओठ खाल्ले.

मला तिथं ओढून आणलं होतं कवायतमास्तरांच्या बायकोनं, नवरा कशाला भुललाय ते दाखवायला. तीस वर्षं मास्तरांनी मैदानावर नव्या पोरांना नुसत्या आवाजानं सरळ केलं. चार महिन्यांपूर्वी तो आवाज बसला म्हणून ते माझ्याकडे आले. स्वरयंत्रावर मटाराच्या दाण्याएवढी कर्करोगाची गाठ होती. "किरणांचे उपचार करू, आवाजही राहील," मी सांगितलं होतं. ते गेले ते थेट बाबांकडे. चार महिने अंगारा चाटून परत आले, तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. आता अख्खं स्वरयंत्र काढल्याशिवाय जीव वाचणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या खोलीत छाती ताणून बसले. "ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. बाबा न कापता बोलतं करतात."

"मास्तर, ऑपरेशननंतरही बोलता येतं. गळ्यात झडप बसवतो आम्ही. हे चित्र बघा."

"चित्रं बघून पोरं भुलतात, मी नाही. मुका होऊन जगण्यापेक्षा मेलेलो बरा."

"आणि मी काय करू हो मग?" बाई रडायला लागल्या. "बघा ना डॉक्टरबाई, महिनाभरात श्वास कोंडेल म्हणालात तुम्ही!"

आमच्या रुग्णालयात दर मंगळवारी एक मंडळ जमतं. स्वरयंत्र काढलेले नऊ जण. स्वतःला ते 'भोकवाले' म्हणवतात. त्यांना मी नुसतं एवढंच विचारलं, "रविवारी बाबांच्या दर्शनाला कोण येणार?" नऊच्या नऊ हात वर झाले.

रविवारी पुन्हा तेच नाटक. मास्तरही बायकोला घेऊन दर्शनाला आले होते. तीच गोळी, तेच हात टेकणं. शिपायानं विजय असो म्हणताच पहिल्या रांगेतले आठ भोकवाले उठले, त्यांनी आपापले रुमाल सोडले, आपापला अंगठा आपापल्या भोकावर ठेवला आणि एका सुरात म्हणाले, "नमस्कार, बाबा!"

मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले. पण भामटा मुरलेला होता. "पाहा!" तो किंचाळला. "एकाच वेळी आठ जणांवर कृपा!" आणि काय सांगू, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या हो! डोकी काय नुसती टोप्या ठेवायला दिली आहेत?

तेवढ्यात नववा उठला. पलटणीतला आचारी, अंगानं आडदांड. तो मंचावर चढला, रुमाल सोडला आणि खुणेनं म्हणाला, मलाही बोलतं करा. बाबांनी डोळे मिटले, पुटपुटले आणि अंगठा दाबला. आवाज नाही. आणखी दाबला. आचाऱ्याचं तोंड लालबुंद झालं, डोळे बाहेर आले. त्यानं बाबांचा हात झटकला, दोन मोठे श्वास घेतले आणि खिशातून बॅटरीवर चालणारं एक लांबट यंत्र काढून हनुवटीखाली टेकवलं. एकसुरी, गुणगुणता आवाज सगळीकडे घुमला. "मी भोकातूनच श्वास घेतो, गाढवा. माझ्यात झडप नाही. मारतोस की काय?"

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग सगळेच.

मी मंचावर गेले आणि सरळ सांगितलं. स्वरयंत्र काढलं की माणूस गळ्याच्या भोकातून श्वास घेतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये आम्ही एक छोटी झडप बसवतो. भोक बंद करून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथं कंप होतो, आणि तोंड त्याचे शब्द करतं. अंगठा बाबाचा असो नाहीतर बाबूचा. ज्याच्यात झडप नाही, त्याचा या अंगठ्यानं फक्त गळा दाबला जातो.

मागच्या दारातून बाबा कधी सटकले ते कोणाला कळलंही नाही. बाबांच्या पायाला नाक घासणारे ते साहेब मात्र गुडघे झाडत माझ्याकडे आले. "मला शंका होतीच," म्हणाले. वा रे वा!

मास्तर भोकवाल्यांच्या घोळक्यात उभे होते. "किती दिवसांनी बोललास?" ते एकेकाला विचारत होते. "दुखतं का?" मग माझ्याकडे वळले. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"डॉक्टरबाई, खरं सांगा. चार महिन्यांपूर्वी तुमचं ऐकलं असतं तर?"

खोटं बोलून त्यांचं समाधान करता आलं असतं. पण खोटं बोलणारा नुकताच पळाला होता.

"तर बहुतेक हाच आवाज राहिला असता, मास्तर."

त्यांनी मान हलवली. बायकोचा हात धरला. "उद्या सही करतो," म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि तासभर तिला गोष्टी सांगितल्या. घसा ओरबाडल्यासारखा दुखत होता, तरी थांबले नाहीत. सूनबाईंनी सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं.

मास्तर आज जिवंत आहेत आणि झडपेतून बोलतात. पण नातीला गोष्ट ऐकायची असली की ती मोबाइल मागते. म्हणते, "हे आजोबा नको, ते आजोबा लाव." मास्तर तेव्हा खिडकीबाहेर बघतात.

म्हणून हात जोडून सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी म्हणा, "तुम्ही बाजूला व्हा, मी करून बघतो." आणि मग म्हणा, "आता हेच मी निवडलेल्या माणसावर करून दाखवा." जो खरा असेल त्याला याचा राग येत नाही. आणि आवाज बसला, गाठ लागली, तर डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जा. गाठ कोणाच्या श्रद्धेसाठी थांबत नाही.