लिटरला सव्वीस

काटेवाले नोकरीत होते तेव्हा त्यांना लांबून येताना पाहिलं की बाजारातले तराजू आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणायचे. वजनंमापं तपासणारे इन्स्पेक्टर ते. तीस वर्षं दुकानदारांच्या काट्यांखाली चिकटवलेलं मेण आणि पोकळ वजनं शोधण्यात गेली. निवृत्त झाले, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. बायकोनं कणीक भिजवायला घेतली तरी हा माणूस परातीकडे बघून म्हणायचा, "पन्नास ग्रॅम जास्त झालं." मापात पाप चालायचं नाही त्यांना. घरातल्या माणसांचं काय होतं, ते मापात बसत नसल्यामुळे त्यांनी कधी पाहिलं नाही.

गाडी घेतली ती बायकोच्या हट्टानं. बायकोला तिची थोरली बहीण अजूनही 'धाकटी' म्हणायची, अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी. आई लवकर गेलेली. ताईनं धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं, मग स्वतःचं उरकलं. आता ताई चार तासांच्या अंतरावर एकटी राहायची. तिचा एकुलता मुलगा परदेशात होता. ताई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगा फोनवरून वृद्धाश्रमाचं बोलू लागला. तेव्हा धाकटीनं फोनवर सांगून टाकलं, "तू कुठ्ठे जायचं नाहीस. आमची गाडी आलीये. मी स्वतः येते न्यायला."

"साहेबांना विचारलंस का?" ताई म्हणाली.

"त्यांना काय विचारायचं? गाडी त्याचसाठी तर घेतली."

हे तिचं म्हणणं. काटेवाल्यांनी गाडी कशासाठी घेतली, हे शोरूममधून बाहेर पडल्यावर महिनाभरात कळलं. लहान, स्वस्त, पेट्रोल जपून पिणारी गाडी. कंपनीनं कागदावर लिटरला सव्वीस लिहिलं होतं आणि समोरच्या पडद्यावर एकवीस दिसत होतं. झालं! तीस वर्षं ज्याला कुणी अर्धा ग्रॅम मारू शकलं नाही, त्याला कंपनीनं घरी येऊन पाच किलोमीटर मारले. काटेवाल्यांची झोप उडाली.

"वजन," ते म्हणाले. "सगळा घोटाळा वजनाचा आहे."

मग सुरू झालं. पायाखालच्या मॅट निघाल्या. मागचे स्पीकर निघाले. स्टेपनी आणि जॅक माळ्यावर गेले. निघालेली प्रत्येक वस्तू ते आधी काट्यावर ठेवायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरली, गाडी हलकी पळावी म्हणून. रस्त्यावरचा खडासुद्धा आता मणक्यात कळायचा. पण पडद्यावर तेवीस आलं. शेजारी चौकशीला येऊ लागले आणि काटेवाले बोनेटवर हात ठेवून तास तास बोलू लागले. घरात एवढं कधी बोलले नव्हते.

एके दिवशी मागची सीट अंगणात दिसली तेव्हा धाकटीनं कपाळावर हात मारला.

"अहो, ही कशाला काढलीत? ताईला आडवं करून आणायचंय."

"एकोणीस किलो आहे अगं! मागे रोज कोण बसतं? तिला आणायच्या वेळी लावू की. चार तर बोल्ट आहेत."

तिनं विश्वास ठेवला. बायका ठेवतात, आणि मग जन्मभर त्याचीच फळं भोगतात.

दवाखान्यातून फोन आला, उद्या सोडतोय म्हणून. "सीट लावली?" तिनं विचारलं. "लावली," ते म्हणाले. तिनं गाडीच्या खिडकीतून पाहिलं, मागे सीटचं नेहमीचं कव्हर दिसलं. तिनं खोलीत ताईची खाट खिडकीशी लावली, नवी चादर घातली, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. निघताना एक गादी मागे टाकली.

दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीत ताई बसली होती. केस विंचरलेले, साडी बदललेली, चेहऱ्यावर माहेरी निघाल्याचा आनंद. वॉर्डातली नर्स तिला बसवण्यापूर्वी गाडीत वाकली, गादीखाली हात दाबला आणि थांबली.

"ही सीट नाहीये. फळी आहे."

धाकटीनं कव्हर उचललं. प्लायवूड, त्यावर बोटभर स्पंज.

"साडेसहा किलोत बसवली," काटेवाले म्हणाले. लपवाछपवीचा लवलेश नव्हता. उलट शाबासकी मिळेल असं वाटत होतं त्यांना. "खरं वजन लोखंडी सांगाड्याचं होतं. तो गॅरेजवाल्याकडून कापून घेतला."

"नव्या टाक्यांवर चार तास फळी?" नर्स म्हणाली. "मी पाठवणार नाही."

"मी दुसरी गाडी बघते," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "तासाभरात होईल. ताई, तू बस जरा."

"दुसरी कशाला? आणखी एक गादी घालू," काटेवाले म्हणाले. त्यांच्या हातात ताईचे कागद होते आणि सवयीनं त्यांचा डोळा आकड्यावर गेला. "अठ्ठ्याहत्तर किलो! बाप रे. म्हणजे दोनचं अॅव्हरेज गेलंच."

ते स्वतःशीच बोलले होते, पण मोठ्यानं, अंगणात काटा वाचावा तसं.

ताईनं मान खाली घातली. मग हसली. ते हसणं पाहून धाकटीला रडू फुटलं.

"नको गं," ताई म्हणाली. "मुलानं इथल्या वृद्धाश्रमात खोली घेऊनच ठेवलीये. त्यांची गाडी येते न्यायला. तू उगीच वाईट वाटून घेऊ नकोस."

धाकटीनं खूप विनवलं. हात जोडले. पण ताईनं जन्मात कुणावर भार टाकला नव्हता, आणि आता तर तो किलोत मोजून दाखवला होता. अर्ध्या तासात वृद्धाश्रमाची गाडी आली आणि तिला घेऊन गेली.

दोघं परतीला लागली. रस्ता सरळ, मागे कुणी नाही. दीड तासानं काटेवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "सव्वीस! बघ, बघ! सव्वीस!"

तिनं बघितलं.

"थांबवा," ती म्हणाली.

"आत्ता? आकडा उतरेल ना."

"थांबवा म्हणते ना!"

ती उतरली, मागून गादी ओढून काढली आणि रस्ता ओलांडला. काटेवाले खिडकीतून ओरडत राहिले, जेवणाचं काय, लोक काय म्हणतील. गादी काखेत घेऊन ती उलट्या दिशेच्या बसमध्ये चढली.

वृद्धाश्रमात पोचली तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. ताई औषधानं झोपली होती. तिच्या अंगावर आश्रमाची शिक्का मारलेली चादर होती. रात्री इथे राहता येणार नाही, असं तिथल्या बाईनं सांगितलं, पण ती वाईट नव्हती. तिनं गादी ठेवून घेतली आणि नाव नोंदवताना सहज विचारलं, "यांना घरी न्यायला कुणी नव्हतं का हो?"

"होतं ना," धाकटी म्हणाली. "गाडीसुद्धा होती."