रांगेत न बसणारी दहा हजार सात

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. माझं नाव दहा हजार सात. मला कोणी घडवलं नाही; मोजणारी माणसं नव्हती तेव्हाही मी होते. एकदा चिमूरच्या एका गुरुजींनी मला फळ्यावर लिहिलं आणि दोन, तीन, पाच असं करत सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली. पाच अंकी मूळ संख्यांत मी सगळ्यांत धाकटी, म्हणून त्यांनी माझं कोण कौतुक केलं! मग फळा पुसला गेला आणि मी पुन्हा अडगळीत पडले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कुरखेड्याकडच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फडावर मला अंग मिळालं. गावाने बांधलेली पानांची पुडकी तिथे वाळत होती आणि नेमकी माझ्याइतकीच भरली होती. राखण गावातल्याच डोमाची. फडाचा हिशेब ठेवणारा मुनशी बिरजू पुडकी सारख्या रांगांत लावून आयताकृती चौक भरायचा. चौक भरला तर माल चोख, नाही भरला तर चोरी, हे त्याला त्याच्या आजाने शिकवलं होतं. आजवरचा प्रत्येक ढीग कुठल्या ना कुठल्या चौकात बसला होता.

मी बसणार कशी? मी मावते ती फक्त एकाच लांबलचक ओळीत. शंभराच्या रांगा केल्या, सात उरली. नव्वदच्या केल्या, सतरा उरली. बहात्तरच्या केल्या तेव्हा शेवटची रांग एका पुडक्याने अडली.

"एक कमी हाय. कुठी नेलं बे?" बिरजूने विचारलं.

"मी काऊन नेऊ, भाऊ? मीच तं राखून राह्यलो," डोमा म्हणाला.

पहिली काठी मनगटावर बसली, दुसरी तोंडावर. दात माझ्या पुडक्यांवर पडले. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ही चोरी नाही, हा माझा स्वभाव आहे. पण संख्येला कुठलं तोंड?

डोमाची बायको रुखमा तेंदूच्या झुडपाआड धावली. तिने पानं ओरबाडली, पुडकं बांधलं आणि रिकाम्या जागी ठेवलं. "घ्या, भरली रांग. सोडा आता त्याले."

रांग भरली आणि मी तिथेच संपले. माझ्या जागी दहा हजार आठ आली, बहात्तरच्या रांगांत शहाण्यासारखी बसणारी.

"पाह्यलं? चोरीचं पुडकं बायकोपाशीच निघालं," बिरजू म्हणाला.

तोवर हात जोडून विनवणारा गाव उलटला. आपल्या घामावर यानेच डल्ला मारला म्हणत काल भाऊ म्हणणाऱ्यांनीही लाथा घातल्या, दगड घातले. रुखमा मधे पडली तर तिला केस धरून ओढलं. डोमा पुन्हा उठला नाही.

मित्रांनो, सगळंच सारखं वाटलं जात नाही, आणि बाकी उरली म्हणजे कोणी चोर असतोच असं नाही. हात उगारण्याआधी एकदा डोळे उघडून बघत जा. फडावरची सगळी पुडकी उन्हाने तांबूस झाली होती. रुखमाचं तेवढं हिरवंगार होतं.